बिनबुडाचं घड्याळ

"मामा, ह्याला बूडच नाहीये!"

फोनमधून भाच्याचा आवाज आला तेव्हा मी कौतुक ऐकायच्या तयारीत बसलो होतो. बाबांच्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळाचं थ्रीडी मॉडेल करायला मला सहा आठवडे लागले होते. नोकरीतून उरलेल्या रात्री आणि सगळे रविवार त्यात गेले. शेवटी ते वेब पेजवर चढवलं, स्वतःच्याच फोनवर दहा वेळा फिरवून पाहिलं आणि पहिली लिंक ताईला पाठवली. ताईला ते घड्याळ माझ्याहून जास्त आठवतं. दहावीच्या वर्षी पहाटे तिला उठवायचं काम त्याच्याकडे होतं. ती काहीतरी हळवं बोलेल अशी माझी अपेक्षा. पण मॉडेल लोड होईपर्यंत फोन तिच्या हातातून सात वर्षांच्या पोराच्या हातात गेला होता. त्याने तबकडी पाहिली नाही, लाकडाच्या रेषा पाहिल्या नाहीत, ज्या काट्यांवर मी तीन रात्री घालवल्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने बोट टेकवलं, जरा आडवं सरकवलं आणि तसंच वर ओढलं. कॅमेरा घड्याळाच्या पोटाखाली गेला आणि घड्याळ नाहीसं झालं. उरली लाकडाची एक बारीक किनार, हवेत तरंगणारी, आणि तिच्यातून आरपार दिसणारी पानाची पांढरी पार्श्वभूमी.

मागून ताईचा आवाज आला, "अरे, मामाने किती मेहनतीने केलंय. नीट बघ की."

"नीटच बघतोय," तो म्हणाला.

त्या रात्री मी एक ओळ लिहिली. थ्रीडी मॉडेल पानावर दाखवणाऱ्या बहुतेक साधनांमध्ये कॅमेऱ्याला लगाम घालायची सोय असते. वर किती चढता येईल, खाली किती उतरता येईल, हे अंशांत सांगायचं. बरोबर माथ्यावर शून्य धरलं तर ९० अंशांवर कॅमेरा टेबलाच्या पातळीला येतो. मी तिथे कुंपण घातलं. आता कुणी कितीही बोट ओढलं तरी टेबलाखाली जाता येणार नव्हतं. पान पुन्हा चढवलं, लॅपटॉप मिटला आणि आडवा झालो. झोप मात्र येईना. चोरी उघडकीला आल्यावर कपाटाला कुलूप लावावं, तसं काहीतरी आपण करून बसलोय असं वाटत राहिलं. आणि चोरी तरी कसली? घड्याळाचं बूड कोण बघतं? बाबांनी तरी आयुष्यात किती वेळा ते उलटं केलं असेल? (ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. ते आठवायची इच्छा नव्हती.)

बूड नव्हतं ह्याचं कारण साधं आहे. फोटोंवरून मॉडेल करताना वस्तू कशावर तरी ठेवावीच लागते, आणि ती जिथे टेकते ती बाजू कॅमेऱ्याला दिसत नाही. मी घड्याळ एका स्टुलावर ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होतो. एक फेरी डोळ्यांच्या पातळीवरून, एक वरून, एक जवळजवळ गुडघ्यांवर रांगत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यायला हवा, म्हणजे मग सॉफ्टवेअरला दोन्हींतल्या खुणा जुळवता येतात. आभाळ भरून आलेला दिवस मी मुद्दाम निवडला होता. उन्हात सावल्या कडक पडतात आणि त्या वस्तूवर गोंदल्यासारख्या कायमच्या बसतात. २१२ फोटो झाले, पाऊण तास लागला. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. सकाळी बघतो तर पेटी अप्रतिम उतरली होती, आकडे स्पष्ट होते आणि मिनिटकाट्याच्या जागी राखाडी रंगाचा एक डाग होता, पाण्यात शाईचा थेंब विरावा तसा. मला कळायला दोन मिनिटं लागली. मी घड्याळाभोवती फिरत होतो तेव्हा घड्याळही आपलं काम करत होतं. पहिल्या फोटोतला काटा आणि शेवटच्या फोटोतला काटा पाऊण तबकडी लांब होते. सॉफ्टवेअरला इतकंच समजतं की जग स्थिर आहे आणि कॅमेरा हलतोय. जे हलतं त्याला ते खोटं ठरवतं आणि पुसून टाकतं.

म्हणजे स्कॅन करायचं तर आधी घड्याळ बंद करायला हवं.

हे लिहायला सोपं आहे. बाबा गेल्यानंतरही मी त्याला रोज रात्री चावी देत होतो. त्यात भाबडेपणा किती आणि सवय किती, हे मी कधी तपासलं नाही. मागे दोन चाव्या आहेत, एक चालण्याची आणि एक गजराची. गजराची मी देत नसे. त्या आठवड्यात दोन्ही दिल्या नाहीत. घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी थांबलं; मी ऑफिसात होतो. घरी आलो तर काटे चार वाजून वीस मिनिटांवर होते, आणि खोलीत एक आवाज कमी होता, जो असताना मला कधी ऐकूच आला नव्हता. जाहिरातीतल्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, दोन्ही काटे कसे छान वर उचललेले. क्षणभर वाटलं, तसे करून घ्यावेत. मग नाही केले. मॉडेलमध्ये आज चार वीसच आहेत. बघणाऱ्याला वाटत असेल, दुपारी केव्हातरी फोटो काढले असतील.

कच्चं मॉडेल हे प्रकरण भयंकर असतं. ३८ लाख त्रिकोण, ३०० एमबीच्या वर फाइल. संगणकाच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते, गुळगुळीत काहीच नसतं. आणि एवढं वेब पेजवर ठेवलं तर पान उघडणाऱ्याचा फोन हातात चटका देईल इतका तापतो, मग ब्राउझर टॅबच मारून टाकतो. तेव्हा कापाकापी सुरू होते. ३८ लाखांचे ६० हजार केले. लाकडावरच्या बारीक चरा गेल्या. त्या परत आणायला नॉर्मल मॅप नावाची युक्ती आहे. खरा खड्डा नसतो, फक्त उजेडाने तिथे खड्डा असल्यासारखं वागायचं, हे चित्राच्या रंगांत लिहून ठेवलेलं असतं. मला ही युक्ती फार आवडते. जवळून, अगदी कडेने बघितलं तर फसवणूक कळते, समोरून कधीच नाही. मग टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर गुंडाळलेलं रंगांचं चित्र. इथे मी बरेच दिवस एका भ्रमात होतो. चार हजार शहाण्णव बाय चार हजार शहाण्णव पिक्सेलची जेपेग फाइल दाबून दोन एमबीची केली की मला वाटायचं, झालं, हलकं झालं. पण ग्राफिक्स चिपला जेपेग कळत नाही. ती चित्र पूर्ण उलगडून घेते, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. म्हणजे चित्र एक, जागा ६४ एमबी, मग फाइल कितीही बारीक दिसो. दोन हजार अठ्ठेचाळीसवर उतरलो तेव्हा तेच १६ एमबी झालं. शेवटी आकार आणि चित्रं सगळं एकत्र बांधून साडेचार एमबीची एक जीएलबी फाइल उरली. ताईच्या फोनवर तीन सेकंदांत उघडली म्हणतात. तीन सेकंदांत उघडली आणि चौथ्या सेकंदाला पोराने तिचं बूड काढलं.

एक गोष्ट मात्र कापायची राहून गेली, आणि राहिली ते बरंच झालं. पेटीच्या उजव्या खांद्यावर पॉलिश अजून शाबूत आहे. तिथे एक फिकट चौकोन दिसतो, मधोमध उभी रेघ. कितीतरी दिवस मी तो डाग समजत होतो. ती खिडकी आहे. आभाळ ढगाळ असलं तरी खिडकी खिडकीच. तिचा उजेड पॉलिशवर पडला, फोटोंत आला, तिथून टेक्स्चरमध्ये उतरला. खऱ्या घड्याळावर तुम्ही हललात की प्रतिबिंबही सरकतं. मॉडेलमध्ये ते सरकत नाही. तुम्ही घड्याळ कसंही फिरवा, आभासी दिवा कुठेही न्या, त्या दुपारची खिडकी खांद्यावर बसल्या जागी. ह्याला तांत्रिक दोष म्हणतात आणि तो काढायची साधनं आहेत. मी ती उघडली, आणि बंद केली.

फोटोत आणि ह्यात फरक काय, असं एका मित्राने विचारलं होतं. मी तेव्हा काहीतरी पोपटपंची केली, मागची बाजूही दिसते वगैरे. खरा फरक भाच्याने दाखवला. फोटो काढणारा चौकट ठरवतो आणि चौकटीबाहेरचं त्याचं गुपित राहतं. थ्रीडी मॉडेल प्रसिद्ध करणं म्हणजे घर दाखवायला पाहुण्याला आत घेणं आणि मग आपण बाहेर निघून जाणं. तो दिवाणखान्यात बसेल की माळ्यावर चढेल, आपल्या हातात नाही. आपल्या हातात असतो फक्त पहिला क्षण. पान उघडल्यावर मॉडेल कोणत्या कोनातून दिसावं हे ठरवण्यात माझी अख्खी एक संध्याकाळ गेली होती. अगदी समोरून ठेवलं तर फोटोच वाटतो, कुणी हात लावत नाही. फार तिरकं ठेवलं तर वस्तू पळून चालल्यासारखी दिसते. शेवटी डावीकडून तीसेक अंश आणि किंचित वरून असा कोन ठरला. नंतर लक्षात आलं, पलंगावर पडून मान वळवली की टेबलावरचं घड्याळ साधारण असंच दिसायचं. मात्र तेव्हा ते खालून दिसायचं. वरून दिसायला मी उभं राहण्याइतकं मोठं व्हायला हवं होतं, आणि तोवर गजराची गरज संपली होती.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक हातच लावत नाहीत. पान सरकवत येतात, घड्याळ दिसतं, चित्र समजून पुढे जातात. म्हणून मग मॉडेलवर एक छोटा हात दाखवतात, डावी-उजवीकडे हलणारा. मला तो हात केविलवाणा वाटतो. पण तो काढला तर कुणाला कळणारच नाही की ही गोष्ट फिरते. उलट तक्रारही असते. पान खाली न्यायला बोट फिरवलं आणि ते नेमकं मॉडेलवर पडलं की पान अडतं, घड्याळ गरगरतं, माणूस वैतागतो. मी ते असं सोडवलं की उभं बोट सुरुवातीला पानाचं आणि आडवं बोट घड्याळाचं. आडवं बोट लागून घड्याळ एकदा हातात आलं की मग सगळ्या दिशा मोकळ्या. भाचा ही पायरी न शिकवता पार करून गेला.

झोप न येण्याच्या त्या रात्री मला चहाची किटली आठवली. ह्या क्षेत्रात जरा वावरलेल्या माणसाला कोणती किटली ते सांगावं लागत नाही. यूटा विद्यापीठातल्या मार्टिन न्यूएल ह्यांनी १९७५ साली संगणकावर उभी केलेली ती. घरातली साधी पांढरी किटली समोर ठेवून त्यांनी कागदावर तिच्या वक्ररेषा काढल्या आणि आकडे संगणकात भरले. मग पुढची कित्येक वर्षं ज्याला ज्याला नवीन प्रकाश, नवीन सावली, नवीन पृष्ठभाग तपासायचा होता त्याने ती किटली वापरली. खरी किटली अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि ती संगणकातल्या किटलीपेक्षा उंच आहे. मधल्या काळात कुणीतरी उभ्या मापात ती दाबली आणि दाबलेलीच सगळ्यांना आवडली. पण मला त्या रात्री आठवलं ते वेगळंच. न्यूएलच्या किटलीला बूड नव्हतं! झाकण होतं, कान होता, तोटी होती. बुडाचे चार तुकडे फ्रँक क्रो ह्यांनी १९८७ साली बसवले. बारा वर्षं साऱ्या जगाने बिनबुडाची किटली चितारली आणि कुणाचं काही अडलं नाही. मग स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ससा. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय ह्यांनी १९९४ साली एका मातीच्या सशाचं स्कॅन केलं, ६९,४५१ त्रिकोणांचं. तोही किटलीइतकाच प्रसिद्ध, हजारो शोधनिबंधांत बसलेला. त्याच्याही तळाला भोकं आहेत. काही मूळ सशातच होती, काही स्कॅनर पोहोचला नाही म्हणून.

ह्या दोघांच्या पंगतीत माझं घड्याळ बसवून मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. मराठीत खोट्या आरोपाला बिनबुडाचा आरोप म्हणतात. इथे आरोप खरा होता आणि बिनबुडाची वस्तू होती. समजूत पटली नाही. किटली उजेडाची चाचणी घ्यायला होती, ससा आज्ञावलीची. माझं घड्याळ घड्याळ म्हणून दाखवायला होतं.

बूड म्हणजे अगदीच दुय्यम जागा असंही नाही. इजिप्तची प्राचीन राणी नेफर्टिटी हिच्या बर्लिनमधल्या अर्धपुतळ्याचं स्कॅन २०१९ साली बाहेर आलं तेव्हाची गोष्ट. संग्रहालयाने ते करवून घेतलं होतं पण लोकांना देत नव्हतं. कॉझ्मो वेनमन नावाच्या माणसाने सुमारे तीन वर्षं पाठपुरावा करून मिळवलं. मॉडेल उलटं केलं तर पुतळ्याच्या सपाट तळावर परवान्याची अक्षरं कोरलेली. श्रेय द्या, व्यापारासाठी वापरू नका, वगैरे. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या मूर्तीचं बूड, आणि त्यावर आपल्या काळातल्या कायद्याची ओळ. खऱ्या पुतळ्यावर अर्थातच असलं काही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आता वाटतं, ज्याने ते कोरलं त्यालाही खात्री असणार की इथवर येणारा माणूस वेगळा असतो. दर्शनी बाजू सगळ्यांसाठी असते. बुडाशी जातो तो वस्तू घेऊन काहीतरी करणार असतो.

अपोलो ११ मोहिमेतल्या कोलंबिया यानाचं तसंच. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात ते कित्येक वर्षं सगळ्यांनी बाहेरून पाहिलं, आत जायची मुभा नव्हती. २०१६ साली त्याचं स्कॅन करताना आतल्या भिंतींवर अंतराळवीरांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी सापडल्या. आकडेमोड, वास येणाऱ्या कचऱ्याबद्दलची सूचना, आणि हाताने आखलेलं एक लहानसं कॅलेंडर, गेलेल्या दिवसांवर फुल्या मारलेल्या. त्याच वर्षी ते मॉडेल वेबवर खुलं झालं. मी त्या यानात अनेकदा जाऊन बसलोय. खुर्च्यांच्या मधून कॅमेरा वळवत त्या कॅलेंडरापाशी जायचं आणि थांबायचं. पृथ्वीवर परत उतरण्याच्या दिवसावर फुली नाही. फुली मारायला त्या दिवशी कुणाला सवड असणार!

माझ्या स्वतःच्या घड्याळाच्या आत मी एकदा शिरलो आहे, तोही चुकून. फोटोंवरून केलेल्या मॉडेलला माप नसतं. वस्तू मुंगीएवढी की डोंगराएवढी हे फोटोंना ठाऊक नाही, आपण पट्टीने मोजून सांगायचं. मी १८ सेंटीमीटर उंची म्हणून १८ लिहिलं. जीएलबी फाइल ज्या जीएलटीएफ नावाच्या मानकानुसार लिहितात त्यात एकक मीटर असतं, हे माहीत असून विसरलो. फोनचा कॅमेरा उघडून घड्याळ प्रत्यक्ष खोलीत ठेवून बघण्याची सोय असते ना, ती वापरली. पडद्यावर माझी खोली दिसतेय, घड्याळ कुठेच नाही. फोन चारी दिशांना फिरवला. नाही. अर्ध्या तासाने उलगडा झाला, मी घड्याळाच्या आत उभा होतो. अठरा मीटर उंच, सहा मजली घड्याळ माझ्या भोवती होतं आणि मला दिसत नव्हतं, कारण त्रिकोणाला पुढची बाजू असते आणि मागची बाजू चितारायचे कष्ट चिप घेत नाही. आतून बघणाऱ्यासाठी भिंती नसतातच. भाच्याने बोट वर ओढल्यावर घड्याळ नाहीसं झालं ते ह्याच कारणाने. बूड नव्हतं म्हणून त्याची नजर आत गेली आणि आतून काही दिसत नाही.

कपाट आवरताना मध्ये एक जुनी सीडी सापडली, कॉलेजातली. तीत माझी एक .डब्ल्यूआरएल फाइल आहे, 'वर्ल्ड'चं लघुरूप. वेबवर थ्रीडी ही काही आजची हौस नाही. १९९४ साली जिनिव्हाजवळ सर्न ह्या संशोधन संस्थेत वेबची पहिली परिषद भरली तेव्हाच डेव्ह रॅगेट, मार्क पेसी, टोनी पारिसी ही मंडळी त्यावर बोलत होती, आणि त्यातून निघालेली व्हीआरएमएल, म्हणजे असं थ्रीडी जग लिहून काढायची भाषा, १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा झाली. आम्हाला वाटायचं, आणखी पाच वर्षांत पानं वाचायची नसतील, त्यांत चालत जायचं असेल. मी एक खोली केली होती. टेबल, पलंग, खिडकी, सगळे ठोकळे. बघायला ब्राउझरमध्ये एक प्लगइन बसवावं लागे. आता ते प्लगइन नाही, ते बसवता येईल असा ब्राउझर नाही. पुढे मी त्याच खोलीची दुसरी आवृत्ती एका फुकट साइटवर ठेवली होती. साइट बंद पडली, आणि बंद पडल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. ब्राउझरला प्लगइनशिवाय त्रिमिती दाखवता यायला २०११ चं वेबजीएल यावं लागलं, आणि फाइल कोणत्या रूपात ठेवायची ह्यावर एकमत व्हायला आणखी काही वर्षं, जीएलटीएफ २.० आलं २०१७ मध्ये, आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा शिक्का बसला २०२२ मध्ये. शिक्का व्हीआरएमएललाही बसला होता म्हणा. पण गंमत बघा, सीडीवरची ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. नुसता मजकूर आहे. बॉक्स, त्याची तीन मापं, रंगाचे तीन आकडे. आकडे वाचत गेलो आणि खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. टेबलावर एक छोटा तपकिरी ठोकळा आहे. त्याला मी नाव दिलं होतं, 'घड्याळ'. ठोकळा असल्यामुळे त्याला बूड आहे.

नवी जीएलबी फाइल अशी वाचता येत नाही. उघडली तर सुरुवातीला चार अक्षरं, मग थोडा वाचण्याजोगा मजकूर, आणि पुढे नुसता कचरा. पन्नास वर्षांनी कुणी उघडलीच तर त्याच्या हाती काय लागेल ह्याचा मी फार विचार करत नाही.

कुंपण घातल्यानंतर चौथ्या दिवशी मी एका वेगळ्याच कामाला बसलो होतो. पानावर चित्र असलं की न दिसणाऱ्यांसाठी त्याचं वर्णन लिहावं लागतं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. मॉडेललाही लागतं. आणि मॉडेलचं वर्णन लिहिणं अवघड, कारण ते एका कोनातून नसतं. 'लाकडी पेटीचं गजराचं घड्याळ, उंची १८ सेंटीमीटर, काळी तबकडी, पांढरे आकडे, मागे दोन चाव्या' इथवर आलो आणि हात आपोआप पुढे लिहून गेला, 'उजवीकडे किंचित कललेलं'. थांबलो. पडद्यावरचं घड्याळ कललेलं नव्हतं. ओळंबा लावावा इतकं सरळ होतं. पण माझ्या घड्याळाला तीनच पाय शाबूत होते, बुडाला चिकटवलेले फेल्टचे गोल तुकडे. चौथा कधीच पडला होता आणि त्या जागी बाबांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. घडी दबत जायची. घड्याळ कलायला लागलं की ते उचलायचे, उलटं करायचे, आणखी एक घडी घालायचे. दर दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे बूड बघणारा एक माणूस होता. नियमितपणे बघणारा. आणि फोटो काढायच्या दिवशी घड्याळ स्टुलावर ठेवताना ती घडी खाली पडली, मी ती उचलली, कचरा म्हणून बाजूला केली, आणि सॉफ्टवेअरमध्ये उरलेला कल एका बटणाने सरळ करून टाकला.

सोपा मार्ग होता. मेशवर, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीवर, काम करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भोक बुजवायची आज्ञा असते. कडेचे त्रिकोण एकमेकांशी विणून ती एक सपाट पडदा ताणते, आजूबाजूचा रंग त्यावर पसरते. करून पाहिलं. गुळगुळीत तपकिरी बूड आलं, कुणालाही खरं वाटेल असं, आणि मला ते पाच मिनिटंही बघवेना. नसलेलं बूड परवडलं. निदान तिथे मला ठाऊक नसलेल्या गोष्टीचा आव नव्हता.

मग पुन्हा ढगाळ रविवार बघितला. घड्याळ स्टुलावर आडवं केलं आणि बुडाचे ९० फोटो काढले. आडवं आणि उभं असे दोन संच जुळवायचे तर पार्श्वभूमी झाकावी लागते. नाहीतर सॉफ्टवेअर घड्याळाऐवजी खोलीच्या भिंती जुळवत बसतं आणि घड्याळ एकातून एक घुसलेलं जुळं निघतं. प्रत्येक फोटोवर मास्क आखला, म्हणजे घड्याळ सोडून बाकी सगळं झाकलं. बूड अखेर आलं. फेल्टचे तीन तुकडे, दोन काळपट, एक मूळच्या हिरव्या रंगाचा. चौथ्या जागी वाळलेल्या डिंकाचं पिवळं वर्तुळ. लाकडावर पुठ्ठ्याच्या कडेने घासून पडलेली एक रेघ. घडी मात्र नाही. ती मी शोधली, स्टुलाखाली, खोक्यांत, केराच्या पिशवीत सुद्धा, पण तोवर सहा-सात आठवडे उलटून गेले होते. नवी घडी करून ठेवावी का ह्यावर दोन दिवस घातले. नाही ठेवली. ९० अंशांची ओळ काढून टाकली, फाइल साडेचारची पाच एमबी झाली. वर्णनातलं 'उजवीकडे किंचित कललेलं' मात्र तसंच राहू दिलं आहे. ते फक्त ऐकणाऱ्यांना कळेल.

घड्याळाला पुन्हा चावी दिली आहे. टेबलावर ते आता बरंच कलतं.

नवी लिंक गेल्यावर ताईचा लगेच फोन आला. "अरे, तो हिरवा तुकडा तसाच आहे अजून?" ती म्हणाली, आणि मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. तेवढ्यात मागून फोन ओढला गेला. ह्या वेळी त्याने बूड आधी तपासलं. "हां, आता आहे," त्याने पास केलं. मग घड्याळ गर्रकन फिरवून पाठीशी गेला. मी वाट बघत होतो.

"मामा, चावी फिरत का नाही?"

त्याला काय सांगणार की चावी वेगळी नाहीच, सगळं घड्याळ एकाच कातडीचं आहे, चावी म्हणजे पाठीवरचा एक उंचवटा. "फिरेल," मी म्हणालो. "थोडे दिवस दे."

सध्या रात्री बसून चावीचे त्रिकोण पाठीपासून सोडवतो आहे. चावी जिथे पेटीत शिरते तिथे कॅमेरा पोहोचलेला नाही, त्यामुळे सोडवली की तिच्यामागे भोक पडतं.